पाकिटावर पहारा, पिंप मोकळं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा वायव्य कोपरा डोंगराळ आहे. छोटी गावं, गालिच्यांचे कारखाने आणि पेट्रोल पंपाला चिकटून असलेली दुकानं, जिथे दुधापासून सिगारेटपर्यंत सगळं मिळतं. यातली बरीच दुकानं गुजराती कुटुंबं चालवतात. साधारण वीस वर्षांपूर्वी पोलिसांनी या दुकानांत खबरे पाठवले. खबऱ्या सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं आणि आणखी काही किरकोळ सामान काउंटरवर ठेवायचा आणि बोलता बोलता सांगायचा, की मला 'कुक' पुरा करायचाय. काउंटरमागच्या माणसाचं इंग्रजी हिशेब सांगण्यापुरतं. कुक म्हणजे स्वयंपाक. घरी पाहुणे असतील, अंगणात मांस भाजायचा बेत असेल, असं समजून त्याने सामान पिशवीत भरून दिलं. तिकडच्या नशेबाजांच्या बोलीत मात्र 'कुक' म्हणजे मेथॅम्फेटामाइनची, अर्थात 'मेथ'ची, भट्टी.

या कारवाईचं नाव 'ऑपरेशन मेथ मर्चंट'. २००५ साली ४९ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यातले ४४ भारतीय वंशाचे. पटेल आडनाव इतक्यांचं, की एका बाईला चुकीच्या ओळखीवरून गोवलं गेलं आणि पुढे तिच्यावरचे आरोप मागे घ्यावे लागले. त्या भागातली बहुतेक दुकानं गोऱ्या मालकांची असताना जाळ्यात नेमके हेच कसे सापडले, हा प्रश्न नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांनी कोर्टात मांडला. मी सगळ्यांनाच निर्दोष ठरवायला बसलेलो नाही. दहा-दहा पाकिटं एकदम नेणाऱ्या माणसाचं नाक चोंदलेलं नाही, एवढं काहींच्या लक्षात आलंही असेल. पण मला खुपतं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या देशाला एवढा मोठा व्यसनाचा प्रश्न पडला, आणि सरकारचा हात पहिल्यांदा पोचला तो तासावर राबणाऱ्या काउंटरवरच्या माणसापर्यंत. त्याच्याही आधी अनेक हात होते. ते का दिसले नाहीत?

मुळात सर्दीच्या गोळीचा आणि मेथचा संबंध काय? नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन हे औषध आणि मेथ हे रसायनशास्त्राच्या घरातले सख्खे चुलत भाऊ. नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रा वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं काढलं आणि १८९३ साली त्यापासूनच मेथ बनवलं. आपल्याकडे काही जण ज्या झुडपाला सोमलता म्हणतात, तीही याच कुळातली. म्हणजे दमा-सर्दीचं औषध आणि नशेचं विष यांची पाळंमुळं पहिल्या दिवसापासून गुंतलेली आहेत.

अमेरिकेच्या खेड्यांत या भट्ट्या का फोफावल्या, हे आपल्या गावठी दारूच्या भट्टीसारखंच आहे. दोन घरांत मैलाचं अंतर, उग्र वास लागायला शेजारी नाही, आणि पोलीस एका जिल्ह्याला मूठभर. मिझुरी, आयोवा, ओक्लाहोमा इथल्या शेतकऱ्यांच्या खताच्या टाक्यांमधून भट्टीसाठी अमोनिया चोरीला जायला लागला, तेव्हा टाक्यांना कुलपं आली. खाणी, गिरण्या, मांस कापणारे कारखाने यांतली कामं गेली किंवा पगार घटले, अशा गावांत ही नशा जास्त रुजली. ती झोप आणि भूक मारते. म्हणून सुरुवातीला डबल पाळी करणाऱ्यांना ती टॉनिकसारखी वाटली.

आता त्या न दिसलेल्या हातांकडे वळू. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यात जीन हेस्लिप नावाचा अधिकारी होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे मेथाक्वालोनच्या गोळ्यांचा सुळसुळाट होता. आपल्याकडे मँड्रॅक्स म्हणून बदनाम झाल्या त्याच. हेस्लिपने गल्लीतले विक्रेते पकडत बसण्यापेक्षा ही भुकटी कुठे बनते ते शोधलं. बनवणारे देश मोजके होते. त्यांच्याकडे जाऊन त्याने उत्पादन थांबवायला लावलं, आणि अमेरिकेच्या रस्त्यांवरून ती गोळी जवळपास नाहीशी झाली. नशेच्या इतिहासात असे निखळ विजय फार थोडे आहेत.

मेथच्या बाबतीतही त्याला हेच करायचं होतं. एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन कुणाच्या परसात बनत नाही. त्याला मोठा कारखाना लागतो. जगाला पुरणारा जवळपास सगळा माल जेमतेम नऊ कारखान्यांतून येतो, असं पुढे पत्रकारांनी मोजून दाखवलं. हेस्लिपने १९८६ साली मसुदा मांडला: भुकटी आणि तिच्या गोळ्या, दोन्हींच्या घाऊक व्यवहारांची नोंद ठेवा, खरेदीदार कोण ते तपासा. औषध उद्योगाचे मध्यस्थ वॉशिंग्टनमध्ये धावले. सर्दीच्या औषधाची बाजारपेठ फार मोठी होती. १९८८ साली कायदा झाला खरा, पण भुकटीवर नोंदीचं बंधन आलं आणि तयार गोळ्या त्यातून सुटल्या. भट्टीवाल्यांनी भुकटी सोडून गोळ्या धरल्या. घराला पुढून कुलूप लावायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, असला तो कायदा.

घाऊक पातळीवर हात घातला तर काय होतं, याचा एक पुरावा १९९५ साली मिळाला. मे महिन्यात सरकारने कच्चा माल पुरवणारे दोन मोठे पुरवठादार बंद पाडले. देशातला निम्म्याहून अधिक माल या दोघांकडून जात होता. कार्लोस डॉबकिन आणि नॅन्सी निकोसिया या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातले परिणाम तपासले. ग्रॅमचा भाव ३० डॉलरवरून १०० वर गेला, शुद्धता ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, या नशेपायी इस्पितळात दाखल होणाऱ्यांची संख्या निम्म्याने घटली. पण चार महिन्यांत भाव मूळ पदावर आला आणि दीड वर्षात बाकी सगळं जवळपास पूर्ववत झालं. ज्यांना 'वरून आवळा, प्रश्न सुटेल' असं वाटतं, त्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. मीही ते गिळायला कडू असूनच लिहितो आहे. तरी दोन कंपन्या बंद करून दीड वर्ष मिळालं. त्याची तुलना पुढे किरकोळ विक्रीवरच्या मर्यादेने काय मिळालं याच्याशी करायला हवी.

ती मर्यादा अशी आली. २००३ च्या नाताळानंतरच्या दिवशी ओक्लाहोमात एका पोलिसाचा मेथ बनवणाऱ्याने खून केला. लोक खवळले. २००४ साली त्या राज्याने गोळ्या उघड्या फळीवरून उचलून औषधविक्रेत्याच्या काउंटरमागे नेल्या, तेव्हा असं करणारं ते पहिलं राज्य. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने केंद्राचा कायदा आला: माणसी दिवसाला ३.६ ग्रॅम, ३० दिवसांत ९ ग्रॅम. फोटोचं ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव-पत्ता लिहून सही करायची.

नऊ ग्रॅम ही मर्यादा वरवर पाहता तशी जाचक नाही. दिवसाचा कमाल डोस २४० मिलिग्रॅम. महिनाभर रोज घेतला तरी ७.२ ग्रॅम होतो, आणि महिनाभर सर्दी टिकली तर गोळी बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जायला हवं. जाच आहे तो एक माणूस साऱ्या घरासाठी औषध आणतो तिथे. इंडियाना राज्याचा नियम केंद्राहून कडक होता, आठवड्याला ३ ग्रॅम. २००९ साली तिथल्या एका ग्रामीण जिल्ह्यात एका आजीबाईंनी नवऱ्यासाठी एक आणि मुलीसाठी एक अशी दोन औषधं आठवडाभराच्या आत घेतली. काही महिन्यांनी पोलीस दारात आले आणि बेड्या घालून घेऊन गेले. दोन पाकिटं!

पण या मर्यादेने काम केलं की नाही? केलं. याच डॉबकिन-निकोसियांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर हा हिशेबही मांडला. किरकोळ विक्रीवरच्या निर्बंधांनी राज्यातल्या भट्ट्या ३६ टक्क्यांनी घटल्या. आणि रस्त्यावर मिळणाऱ्या मेथचा भाव, शुद्धता, उपलब्धता यांत काहीच फरक पडला नाही. दोन्ही वाक्यं एकाच अभ्यासातली आहेत. कायद्याचे समर्थक पहिलं सांगतात, विरोधक दुसरं सांगतात.

पहिल्या वाक्याला मी हलकं लेखत नाही. घरातली भट्टी म्हणजे नुसता गुन्हा नव्हे, तो स्फोटाचा आणि विषाचा कारखाना असतो, आणि त्याच घरात पोरं रांगत असतात. २००४ साली देशात भट्ट्या आणि त्यांच्या उकिरड्यांच्या वीस हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली होती. २००७ मध्ये आकडा सात हजारांच्या घरात आला. मधल्या फरकात किती घरं जळायची वाचली असतील, किती पोरांचे हात-तोंड वाचले असतील. एखाद्या आईबापाला विचारा, सर्दीच्या गोळीसाठी सही करावी लागते म्हणून कुरकुर करणाऱ्याला ते काय उत्तर देतील.

मात्र २०१० पर्यंत आकडा पुन्हा पंधरा हजारांवर चढला. भट्टीवाल्यांनी मोठी भांडी टाकून एका बाटलीत मावेल एवढं छोटं काम सुरू केलं, आणि भाजलेल्यांच्या वॉर्डांत नवे रुग्ण येऊ लागले. मर्यादा माणसी आहे, तर माणसं जमवायची. कॉलेजची पोरं, बेघर माणसं, नडलेल्या आजीबाई अशांना गाडीत घालून दुकानामागून दुकान फिरवायचं. सात-आठ डॉलरचं पाकीट भट्टीवाला ४०-५० डॉलरला घ्यायचा. या धंद्याला 'स्मर्फिंग' असं नाव पडलं, कार्टूनमधल्या त्या निळ्या बुटक्यांच्या झुंडीवरून. कायद्याने गरिबांना एक नवा जोडधंदा दिला, आणि वहीत सही करून पकडलं जायला तेच पुढे.

ऑरेगॉनने २००६ साली आणि मिसिसिपीने २०१० साली डॉक्टरची चिठ्ठीच सक्तीची केली. ऑरेगॉनमध्ये भट्ट्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्या, त्याचा गवगवा झाला. पण आजूबाजूच्या ज्या राज्यांनी चिठ्ठी मागितली नाही, तिथेही मोठी घट होती, कारण तोवर माल बाहेरून येऊ लागला होता. २०२२ च्या पहिल्या दिवसापासून दोन्ही राज्यांनी चिठ्ठीची अट काढून टाकली. न्यूझीलंडनेही २०११ साली लावलेली अट २०२४ साली कायदा बदलून उठवली.

बाहेरून म्हणजे मेक्सिकोतून. मार्च २००७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका बंगल्यात पोलीस शिरले तर भिंतीत, कपाटांत, पेट्यांत नोटाच नोटा: वीस कोटी डॉलरहून अधिक रोकड. मालक झेन्ली ये गोन, औषधांच्या कच्च्या मालाचा आयातदार. एवढ्या एका माणसाच्या आयातीसमोर मिझुरीतल्या सगळ्या आजीबाईंची पाकिटं एकत्र केली तरी काय भरणार! त्यानंतर मेक्सिकोने स्यूडोएफेड्रिनवर बंदीच घातली. टोळ्यांनी ते औषधच सोडलं आणि जिथे सर्दीच्या गोळीची गरजच नाही अशा दुसऱ्या रासायनिक वाटेने मेथ बनवायला घेतलं. काही वर्षांत तोच माल अमेरिकाभर पसरला, आधीहून स्वस्त आणि ९० टक्क्यांहून शुद्ध. २०१५ साली मेथच्या गटातल्या उत्तेजकांनी तिथे सुमारे ५,७०० माणसं मेली होती. २०२१ साली ३२,००० हून अधिक. काउंटरवरच्या वहीत तेव्हाही सह्या चालूच होत्या.

सही न करणाऱ्यांचं काय झालं, हा भाग मला सगळ्यात चीड आणणारा वाटतो. २०१९ च्या जानेवारीत मुलीकडे सेंट लुइसजवळ होतो. हाडं गोठवणारी थंडी, नाक दगडासारखं बंद. दुकानात फळीवर सर्दीची रंगीत पाकिटं रांगेने मांडलेली. जावई म्हणाले, "बाबा, खरी गोळी आत मिळते, माझं लायसन्स द्यावं लागेल." मी म्हटलं, कशाला उगाच, बाहेरचीच घेऊ. चार दिवस घेतली. नाक जसं होतं तसंच. दोष माझ्या नाकाचाच असणार, असं तेव्हा मला वाटलं.

दोष नाकाचा नव्हता. स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे गेल्यावर कंपन्यांनी फळीवरच्या पाकिटांत त्याच्या जागी फिनाइलेफ्रिन भरलं होतं. नाकात थेंब टाकले तर ते काम करतं. गोळी गिळली तर आतड्यात आणि यकृतातच त्याची वाट लागते, नाकापर्यंत पोचायला फारसं काही उरत नाही. फ्लोरिडातल्या दोन औषधशास्त्रज्ञांनी हे कित्येक वर्षं सरकारच्या कानी कपाळी ओरडून सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी मान्य केलं, की तोंडाने घेतलेलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करत नाही. ते बाजारातून काढायचा प्रस्ताव यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. म्हणजे जवळपास दोन दशकं लोक पैसे देऊन खडू गिळत होते. तेही कायद्याने खरी गोळी लांब ठेवली म्हणून. हा खर्च मर्यादेच्या ताळेबंदात कुणी धरलाच नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन सर्दीची पट्टी मागा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि तेच फिनाइलेफ्रिन. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण देऊ नये, हा इशारा पाकिटावर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. मोठ्यांच्या नाकाला त्याचा उपयोग होतो का, यावर इथे चर्चासुद्धा फारशी नाही. आराम पडतो तो बाकीच्या दोन औषधांनी, आणि श्रेय तिघं वाटून घेतात.

आता महाराष्ट्राचं. एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन बनवणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. जीन हेस्लिप घाऊक मालाच्या ज्या पिंपांकडे बोट दाखवत होता, त्यातली काही आपल्या दारात आहेत. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यावर धाड घातली आणि सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केलं. अमेरिकेने केनियातल्या अकाशा या तस्कर बंधूंवर चालवलेल्या खटल्यात याच कारखान्याचा उल्लेख आला: इथलं एफेड्रिन आफ्रिकेत नेऊन तिथे मेथ बनवायचा बेत होता. दोघा भावांना न्यूयॉर्कच्या कोर्टाने २५ आणि २३ वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या.

साडेअठरा टनांना नऊ ग्रॅमने भागून पाहा. वीस लाखांहून अधिक माणसांचा महिन्याचा कोटा. इंडियानाच्या आजीबाई दोन पाकिटांसाठी बेड्यांत गेल्या आणि इथे वीस लाख माणसांचा कोटा एका शेडमध्ये पिंपांत भरून ठेवलेला होता.

असं असूनही आपल्याकडे नशेची मोठी बातमी आली, की सभागृहात कुणीतरी उठतो आणि मेडिकलवाल्यांवर कडक नजर ठेवा म्हणतो. गुंगीच्या गोळ्या आणि कोडिनचं सिरप चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर ठेवावीच. पण राज्यातल्या पोरांना ज्याने धरलंय त्या एमडीला, मेफेड्रोनला, सर्दीची गोळी लागतच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलीस दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोचले, आणि तिथून धागा सांगलीतल्या कुपवाडला आणि दिल्लीला गेला. सगळं मिळून दीड हजार किलोंहून अधिक माल. ही ठिकाणं पाहा. गावाच्या कडेची शेड, औद्योगिक वसाहतीतला प्लॉट, रसायनांच्या वासाची सवय झालेला परिसर, टँकर आले-गेले तर कुणी मान वर करून बघत नाही. मिझुरीच्या भट्टीला जो एकांत जंगलाने दिला, तो आपल्याकडे एमआयडीसीचा फलक देतो.

नियम नाहीत असं नाही. एफेड्रिनसारख्या नियंत्रित रसायनांसाठी २०१३ चा आदेश आहे. बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने, वापरणाऱ्याने नोंदणी करायची, साठ्याचा हिशेब ठेवायचा, तिमाही विवरण नार्कोटिक्स ब्युरोकडे पाठवायचं. कागद उत्तम आहे. माझी मागणी साधी आहे. त्या विवरणातला आकडा आणि गोदामातलं वजन वर्षातून दोनदा तरी, न कळवता, एका काट्यावर आणा. पोटभाड्याने दिलेल्या शेडमध्ये प्रत्यक्षात काय चालतं हे बघायला कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा माणूस आणि पोलीस एकत्र जाऊ द्या, कारण आज तिघांच्या तीन फायली आहेत आणि तिन्ही एकमेकींना ओळखत नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर आधार कार्ड मागण्यापेक्षा याला माणसं कमी लागतील. शेडची संख्या मोजता येण्यासारखी आहे, सर्दी झालेल्यांची नाही.

अडचण एवढीच, की शेडच्या मालकाची ओळख असते आणि काउंटरवरच्या माणसाची नसते.

सोलापूरचं प्रकरण लोकांच्या लक्षात राहिलं ते एका जुन्या अभिनेत्रीच्या नावामुळे. वाहिन्यांनी तिचे जुने फोटो दाखवले, गाणी वाजवली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिच्यावरचा गुन्हा रद्द केला, तेव्हा पुन्हा दोन दिवस तीच बातमी. एवढ्या वर्षांत त्या साडेअठरा टनांच्या साठ्याची नोंद कुठल्या वहीत होती, ती कुणी तपासली आणि खाली सही कुणाची होती, हे विचारणारा मथळा मला एकदाही दिसला नाही.